धून ठोकू नकोस

५ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रविवारी तुझ्या पियानोच्या कार्यक्रमाला मी शेवटच्या रांगेत होते. भेटले नाही, कारण भेटले असते तर बोलले असते. बाई गं, काय तो कंटाळा! तू फ्यूगच्या तिसऱ्या पानावर पोचलीस तोच शेजारचे गृहस्थ डुलक्या घ्यायला लागले आणि मला त्यांचा हेवा वाटला.

फ्यूग म्हणजे अशी रचना, जिच्यात एकच धून चार आवाजांत फिरून फिरून येते. पण ती आली की तू दर वेळी बोटं आपटतेस, कुणी दार ठोठावल्यासारखी. लोकांना ती एकदा कळली की पुरे. पुढे तिला हळू वाजव, मधल्या आवाजात लपू दे, बाकीचे आवाज काय म्हणतात ते ऐकू दे. सरावाला धून गाळून नुसतं उरलेलं वाजवून बघ.

संगीतशाळेत पियानो शिक्षिकेची जागा एकच आहे, आणि तिच्या परीक्षेला आपण दोघी हाच फ्यूग वाजवणार आहोत. तू असाच वाजवलास तर तुझं काही खरं नाही.

लोभ आहेच, तो वाढवायची घाई नाही.

तुझी ताई

९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग डोकंच फिरलं. तुला हवी असलेली जागा मी कशी मिळवावी, हे तू मला शिकवणार? कोणाला बनवतेस? धून ऐकूच आली नाही तर परीक्षक म्हणणार, ही बया वाट चुकली. तेच हवंय ना तुला? लहानपणी माझी वाजवायची पाळी आली की नेमकं तुझं डोकं दुखायचं. आईलाही ते खरं वाटायचं.

तुझ्याकडे घरच्या शिकवण्या आहेत, तुझं भागतंय. मला ही नोकरी मिळाली नाही तर जन्मभर दुकानात लोकांच्या पायांत बूट चढवत बसायचं. धून अशी ठणठणीत वाजवीन की झोपलेलेही दचकून उठतील.

राग आहे, तो कळावा.

धाकटी

२१ नोव्हेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

जागा तुला मिळाली. माझ्यानंतर तू आत गेलीस, तेव्हा मी दाराबाहेरच्या बाकावर होते. पहिल्यांदा तू धून उघड वाजवलीस आणि मग सोडूनच दिलीस. पुढे ती डाव्या हातात इतकी अलगद आली की मी श्वास रोखून ऐकत राहिले. एवढा लांबलचक फ्यूग, पण संपू नये असं वाटलं. मी वाजवत होते तेव्हा परीक्षकबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

म्हणजे तू खरंच सांगत होतीस. मी नको नको ते लिहिलं. माझं चुकलं. सोमवारपासून पुन्हा दुकान. एवढंच कळव, आपण एकाच जागेसाठी भांडत असताना तू मला खरं का सांगितलंस?

उत्तराची वाट बघते.

धाकटी

२५ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

माफी मागू नकोस, तुला शोभत नाही. विचारलंस म्हणून सांगते. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, कानही. मी गप्प बसले असते तर परीक्षेपर्यंत तुझं तुलाच कळलं असतं की असं ठोकून चालत नाही.

पण तीच गोष्ट माझ्या तोंडून ऐकलीस की तू मेलीस तरी करणार नाहीस, याची मला खात्री होती. म्हणून तर घाईनं पत्र टाकलं.

तब्येतीला जप. लोभ कमी झाला तरी चालेल.

ताई