रिकामा ताबा

२ जून
शेवटचा स्क्रू निघाला आणि आधीच्या लोकांच्या देवाची तांबडी पेटी भिंतीपासून सुटून माझ्या मांडीत आली. वाटली होती त्यापेक्षा हलकी. आत राखेची वाटी, चहाचे सुकलेले पेले आणि वाळून दगड झालेलं एक संत्रं. पेटीमागची भिंत आणि खालची फरशी तेवढी पांढरी. बाकी हॉल उदबत्त्यांच्या धुरानं पिवळा पडलेला.

इपोहला आजच आले. घर माझं. एकमजली, रांगेतलं शेवटचं. मागच्या दारात उभं राहिलं की चुनखडीचा डोंगर अंगावर आल्यासारखा दिसतो. क्वालालंपूरला जन्मभर दुसऱ्यांच्या खोल्यांत राहिले. आता मी, लो सुई मान, घरमालकीण. रिकाम्या हॉलमध्ये हे मोठ्यानं म्हणून पाहिलं. घुमलं छान.

भाडेकरूही ठरली आहे. रोहाया, सरकारी इस्पितळात नर्स आहे. सोबत पाच वर्षांची मुलगी, आयना. मुसलमान घर राहायला येणार, तर हॉलमध्ये चिनी देवाची पेटी नको, एवढी रीत मला कळते. संध्याकाळी ती कोपऱ्यावरच्या वडाखाली ठेवून आले. नको झालेले देव लोक तिथेच ठेवतात. पेटी हलवताना काय म्हणायचं असतं ते मला माहीत नाही. आई चर्चला जायची, आमच्याकडे हे काही नव्हतं. म्हणून काहीच म्हटलं नाही.

४ जून
करार करायला वकिलाच्या कचेरीत गेलो. सगळं काम शरवणन नावाचा कारकून बघतो.  रोहाया म्हणाली की मागच्या दोन्ही घरमालकांनी चार दिवसांत बाहेर काढलं, एकाने तर तिची गादी रस्त्यावर टाकली. आयनाला शाळेत घालायचंय, पत्ता बदलून चालणार नाही. काक, तुम्हालाही मला काढता येणार नाही असं लिहा, म्हणाली. काक म्हणजे मलयमध्ये ताई. मला ते आवडलं. मी शरवणनला म्हटलं, तसंच लिहा, तीन वर्षं, कुणालाच पळवाट नको.

तो हसला. म्हणाला, मिस, लग्न मोडायचं असलं तर या, मदत करीन. हा कागद एकदा शिक्का बसला की मोडायला येऊ नका.

राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहिलं. सामानाची यादी, भिंतींचे फोटो. नवव्या कलमात, नाव नसलेल्या कुणीही या घरात राहू नये. दहाव्यात, मालकाने घराचा रिकामा ताबा द्यावा. सह्या झाल्या. दुसरी किल्ली तिथेच रोहायाला दिली. ती सतराला सामान आणेल. तोवर मी मागच्या खोलीत राहून रंग लावून घेणार.

७ जून
शिक्का मारलेली प्रत आली. दुपारी ती घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले, यादी पडताळत. हॉलमध्ये पंख्याखाली उभी राहून सगळं नावांसकट, कलमवार मोठ्यानं वाचलं. नववं कलम दोनदा वाचलं, कारण भाषा चांगली उतरली आहे.

शेजारच्या आंटी लान भिंतीवरून पपनस देऊन गेल्या. माझ्यासारख्या चाळिशीच्या बाईला सुंदरी म्हणून हाक मारतात. एकटी कुणाशी एवढं भांडतेस गं सुंदरी, नवरा लपवून ठेवलायस की काय, म्हणाल्या. मी म्हटलं, करार वाचतेय. त्या म्हणाल्या, मग तो दुसरा कोण वाचत होता?

रेडिओ असेल, म्हटलं. माझ्याकडे रेडिओ नाही.

९ जून
रंगारी आला. पांढऱ्या चौकोनावर रंग धरत नाही. दोन हात दिले, वाळला की पोपडा होऊन पडतो. त्यानं खाली वाकून फरशीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. ब्रश धुवायलाही थांबला नाही. फोनवर म्हणाला, बाई, तिथे कुणीतरी आत्ताच बसून उठल्यासारखं गरम आहे.

मी हात लावून पाहिला. आहे.

११ जून
भर दुपार, बाहेर आईस्क्रीमवाल्याची घंटा. मी स्वयंपाकघरात नूडल्स उकळत होते. हॉलमधून आवाज आला. म्हातारा, घसा कोरडा. नवीन शब्द पाठ करणाऱ्यासारखा सावकाश.

रोहाया. आयना. रोहाया. आयना.

माझं नाव नाही. फक्त राहणाऱ्यांची.

गॅस बंद केला की नाही आठवत नाही. बाहेर जाऊन उन्हात उभी राहिले.

१२ जून
रोहायाचा फोन. आयनाला ताप आहे, सामान कदाचित उशिरा आणीन म्हणाली. इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघत नाही. तापात बडबडते, म्हणे. एक आजोबा तिला तिचं नाव विचारतात, आणि सांगितलं तरी परत विचारतात.

मी विचारलं, आजोबा कुठे बसतात. रोहाया म्हणाली, जमिनीवर, असं का विचारता काक?

१३ जून
आंटी लानना सगळं सांगितलं. पेटी काढली हे ऐकल्यावर त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. सुंदरी म्हणाल्या नाहीत. अगं मूर्ख पोरी, म्हणाल्या, त्याला न विचारता?

पेटीतला तो जागेवाला. घर तुझं असेल, जागा त्याची, तू त्याची भाडेकरू. आधीच्या लोकांनी रीतसर करार केला होता. पुजाऱ्यानं पिवळ्या कागदावर लिहिला, पेटीपुढे जाळला. त्याची मुदत याच वर्षी संपली. जागेवाला कुणाला बाहेर काढत नाही गं, पण करार नसला की ज्याचं नाव कानावर पडेल त्याच्याकडून वसूल करतो. तू त्याला घराबाहेर ठेवलंस, वर पोरीचं नाव वाचून दाखवलंस.

पुजारी ताइपिंगला गेलाय. महिनाअखेरीस येईल.

वडाखाली गेले. बाकीचे देव होते. पेटीही होती. राखेची वाटी नव्हती.

परत आले तर ती पांढऱ्या फरशीवर—

१४ जून
शरवणनकडे. म्हटलं, त्यांची नावं काढा. नाही तर करारच रद्द करा. तो म्हणाला, मिस, तुम्हीच सांगितलं होतंत, पळवाट नको. रोहायाची सही लागेल.

तिला विचारलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, तुम्हीसुद्धा, काक.

पोरगी सलाइनवर आहे.

१५ जून
रोहायाला खरं सांगायला इस्पितळात गेले. न सांगताच परत आले. तिथे आयना झोपली होती. ओठ हलत होते. स्वतःचंच नाव, पण आवाज तिचा नव्हता. तोच—

आंटी लानना म्हटलं, पुजाऱ्याशिवाय नवा करार करता येतो का. नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, येतो, पण पुजारी घासाघीस करतो, तुला येणार नाही. तू देऊन बसशील.

त्यांनी स्वतःच्या देव्हाऱ्यातले कौल लावायचे लाकडी तुकडे दिले. अर्धचंद्र, दोन. एक उताणा एक पालथा पडला तर हो.

१६ जून
उजाडल्यावर. संत्री, चहा, पिवळा कागद. पुजाऱ्याचे शब्द येत नाहीत, करारातलेच लिहिले. राहणाऱ्याचं नाव: लो सुई मान. इतर कुणी नाही.

मुदत विचारली. तीन वर्षं. दोन्ही पालथे. नाही.

दहा. नाही.

तीस. दोन्ही उताणे. आंटी म्हणाल्या होत्या, असे पडले की तो हसतो.

फोन. ताप आणखी चढलाय. रोहाया नीट बोलतही—

मग मी विचारलं, कायमचं?

एक उताणा. एक पालथा.

कागद जाळला. ज्योत खाली, फरशीकडे—

१७ जून, सकाळ
लॉरी आली. रोहायानं तिच्या किल्लीनं दार उघडलं. आयनाचा ताप काल कागद जळाला तेव्हाच उतरला असावा. ती पळत आत आली, चपला हातात. मी म्हटलं, या.

रोहाया यादी घेऊन, माझ्याकडे न पाहता, माझ्यासमोरून सगळ्या खोल्यांत फिरली. फोन लावला, मागच्या खोलीत माझा फोन वाजला नाही, तिथे माझं काहीच उरलं नसावं. लॉरीवाल्याला म्हणाली, काक शेवटी बोलल्याप्रमाणे वागल्या बरं का, घर अगदी रिकामं करून गेल्या. दहाव्या कलमापुढे तिनं बरोबरची खूण केली.

मी पांढऱ्या चौकोनावर बसले आहे. फरशी गरम आहे. उठता येत नाही.

आयना संत्रं सोलत हॉलमध्ये आली आणि थांबली. एक फोड तिनं माझ्यापुढे जमिनीवर ठेवली. मग आईला हाक मारली आणि विचारलं, ही जमिनीवर कोण बसलीय?