माहूरला गेलेल्या गोळ्या

२४ सप्टेंबर

पाळीचा पहिला दिवस — आणि पहिली गोळी घेतली! उपकेंद्राच्या महामाया सिस्टरनं आधी बीपी बघितलं. डोकं दुखतं का, पाय सुजतात का, सगळं खोदून विचारलं, मगच पाकीट दिलं. एकवीस गोळ्या कामाच्या, सात नुसत्या लोहाच्या. रोज एक, ठरल्या टायमाला. मी जेवणानंतरचा टाइम धरलाय.

पोलीस भरतीचं ग्राउंड महिन्यावर आलंय, नांदेडला. लग्नाला आठ महिने झाले. आत्याला, म्हणजे सासूला, नातू पाहिजे. मला वर्दी पाहिजे. हरिओमला दोघींच्या मधे पडायचं नाही! पाकीट शेवयांच्या डब्यात लपवलंय.

२६ सप्टेंबर

मळमळ. सुरुवातीला होतं म्हणे. आठशे मीटर तीन मिनिटं बारा सेकंद. शी!

२ ऑक्टोबर

सिस्टरला विचारलं, एवढीशी गोळी, करते तरी काय?

"अंडं बाहेरच पडू देत न्हाई. वरून पिशवीच्या तोंडाचं पाणी घट्ट करती, म्हंजे आत जायची वाटच बंद. पण रोज घेतलीस तर! आज खाल्ली, उद्या राहिली, असलं चालत न्हाई. आन् तीन तासांत उलटी झाली, तर दुसरी घ्यायची."

हरिओमला जसंच्या तसं सांगितलं. कान लाल झाले गड्याचे!

४ ऑक्टोबर

आत्या माहूरला गेली. क्रूझरमध्ये गल्लीतल्या नऊ बायका, ड्रायव्हर हरिओम. देवीची ओटी भरून परवा येतील. घरात मी आणि मामा, म्हणजे सासरे.

जेवण झालं, डबा उघडला — पाकीट नाही! सगळ्या शेवया ताटात ओतल्या. नाही म्हणजे नाही. आत्याचा फोन बंद, हरिओमला रेंज नाही.

५ ऑक्टोबर

दिवस मावळल्यावर आत्याचा फोन लागला.

"त्या पाळी ढकलायच्या गोळ्या व्हय? म्या आणल्या की! देवीच्या दारात मधीच अडचण आली म्हंजे? तुला कशाला लागतेत आता, घरीच तर हायस!"

हसावं का रडावं! तिला वाटलंय, पळायच्या दिवशी पाळी नको म्हणून मी आणून ठेवल्यात. मीही म्हणले, "हाव, तसंच." खोटारडी कुठली!

६ ऑक्टोबर

सकाळी उठून आधी सिस्टरचं दार वाजवलं. दोन दिवसांच्या दोन गोळ्या चुकल्यात, पाकीट आत्यानं माहूरला नेलंय म्हणलं. तिनं नवीन पाकीट दिलं.

"एक आत्ता गिळ. आजची तुझ्या टायमाला. मग रोज. आन् सात दिवस निरोध वापरायचाच. नवरा कुठंय?"

"माहूरला."

"गोळ्या आन् नवरा एकाच गाडीत धाडलास व्हय गं!" हसून हसून सिस्टर खुर्चीवरून पडायची राहिली. मग एकदम गंभीर. "तुझ्या सासूला बीपीची गोळी चालू हाय ना? वय बेचाळीस. तिनं ह्यातली एक बी खायची न्हाई. डोकं लई दुखलं, छातीत दुखलं, पायाची पिंडरी सुजली, तर तडक दवाखाना."

लगेच आत्याला फोन केला. दिवसाला दोन खाल्ल्या होत्या तिनं — एक कमी पडली म्हंजे, म्हणून! बंद कर म्हणलं. इतकी ओरडले तिच्यावर, लग्नानंतर पहिल्यांदा.

८ ऑक्टोबर

आत्याला सिस्टरकडं नेलं. बीपी एकशे साठ.

"मावशी, दुसऱ्याच्या पाकिटातलं औषध खायचं असतंय का? तुमचं लेकरं बंद करायचं ऑपरेशन झालंय?"

"घाबरले तवा, राहूनच गेलं. आता ह्या वयात कशाला! पाळी बी कधी येती, कधी न्हाई."

"येती ना? मग काळजी घ्यायची. तांबी हाय, दुसरं बी काय काय हाय."

आत्या पदर तोंडाला लावून हसत सुटली.

परतताना मला राहवलं नाही. गोळ्या कशाच्या होत्या ते सांगून टाकलं. वर्दी मिळेस्तोवर लेकरू नको, हेही. आत्या जागेवर थांबली. "मला इचारायचं तरी." एवढंच. मग घरापर्यंत माझ्या पुढं पुढं चालली. लई वाईट वाटलं. पण सांगितलं ते बरंच झालं.

१२ ऑक्टोबर

आत्या बोलत नाही. भाकरीवर तूप मात्र जास्त वाढते! आज दोन मिनिटं छप्पन्न.

१९ ऑक्टोबर

लोहाच्या गोळ्या चालू होऊन चार दिवस झाले. पाळी नाही. त्या दोन चुकलेल्या गोळ्या डोक्यातून जात नाहीत. ग्राउंड पंचवीसला. एवढं पळून, एवढं करून... हरिओमला पाठवून हदगावहून चाचणीची दोन किट आणवली. एकीवर माझा भरवसा नाही.

२१ ऑक्टोबर

सकाळी एकच रेघ! दुपारी पाळी आली. कुठल्याच बाईनं जन्मात पाळीचा एवढा आनंद केला नसेल! हरिओमला जिलेबी आणायला लावली. मामा विचारत होते, "कशाची गं?" म्हणलं, "टायमिंग सुधारलं!"

उद्यापासून पुढचं पाकीट.

२२ ऑक्टोबर

पेटीतलं दुसरं किट गायब. मोरीत, दगडाच्या मागं सापडलं. दोन रेघा.

घरात बायका दोघीच.

आत्या चुलीपुढं बसली होती. मान वर केली नाही. "मामाला सांगू नको," म्हणली. मग चुलीतलं लाकूड आत सारत — "मला सिस्टरकडं नेतीस का गं?"