तुझी मुलगी असल्याचा पुरावा

आई, तू गेल्यावर तुझ्या आजारपणाचे कागद मी माहितीच्या अधिकारात मागवले होते. सरकारी दवाखान्यात हयगय झाली का ते बघायचंय, असं घरी सांगितलं. खरं तर मला वहिनीची एखादी चूक सापडायला हवी होती. दादाची चाकणला शिफ्ट, मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली, म्हणून तुझ्याजवळ कायम तीच. जन्मभर तू तिच्या तक्रारी माझ्याकडे केल्यास. रविवारी मी माहेरी आले की स्वयंपाकघरात पाट घेऊन बसायचीस, मी तुझी वेणी घालायचे आणि तू सुरू व्हायचीस, भाजीला चव नाही, हाताला उरक नाही. मला ते ऐकायला फार आवडायचं.

अर्ज परत आला. माझं आडनाव सासरचं, तेव्हा मी तुझी मुलगी असल्याचा पुरावा जोडा म्हणाले. रेशनकार्डावरून माझं नाव लग्नानंतर कमी झालेलं आणि तिचं मात्र तुझ्याच खाली. माझा नुसता जळफळाट झाला. शेवटी तीच माझ्याबरोबर आली, दवाखान्यातल्या साहेबांसमोर बसून तिनेच लिहून दिलं की ही आमच्या सासूबाईंची मुलगी. मग म्हणाली, "वन्सं, तुमी सावकाश वाचा. मी भाईर बसते."

कागदांत हयगय कुठेच नव्हती. फाइल परत न्यायला वॉर्डातल्या सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "आजींची लेक बाहेर का बसलीय?"

"ती सून आहे. लेक मी."

"हो का? त्या डबा आणायला गेल्या की आजी सगळ्या वॉर्डाला सांगायच्या, माझी लेक येईल आता, वेणी घालायला."

आई, वेणी तरी माझी ठेवायचीस. तिला तोंडावर कधी धड बोलली नाहीस, आणि परक्या बायकांना हे सांगत बसलीस. मला तुझा राग आला, तिचा त्याहून जास्त.

परतताना बसमध्ये ती शेजारी बसलीय, मांडीवर पिशवी. मग विचारते, "वन्सं, सासूबाई माझ्याबद्दल कुणाला काय बोलल्या व्हत्या का? काय कळलं का तिथं?"

मी खिडकीबाहेर बघत म्हणते, "नाही वहिनी. नुसती औषधं लिहिलीत."

त्याला किती वर्षं झाली. तुझ्या श्राद्धाला पान वाढताना अजूनही ती कधीतरी विचारते. या वर्षीही विचारलं. मी नाहीच म्हणाले.