बोलोन्याची दोषयादी

देरा, दुबई
शनिवार, १० मे

प्रिय अजरा,

ऑफिसातला अँड्र्यू उद्या सुट्टीवर वसईला निघतो आहे. तो हे पाकीट तिथून कुरिअर करेल आणि ते तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर येईल. मुद्दामच तसं केलं आहे. फोनवर पाठवलं असतं तर तू ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं असतंस आणि फुफीने तव्यावरची नजर न हलवता विचारलं असतं, "काय म्हणते गो दुबईवाली?" हे एकटीने बसून वाच.

मी मार्चमध्ये इटलीत बोलोन्याला जाऊन आले, पण तुला त्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. कंपनीने बांधकाम साहित्याच्या प्रदर्शनासाठी पाठवलं होतं, चार दिवस. तुझं तिथल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र फेब्रुवारीत आलं होतं आणि अब्बांचा निर्णय व्हायचा होता. ते म्हणाले, "जातेच आहेस तर अजराचं शहर बघून ये. फोटो नकोत, फोटोत सगळंच छान दिसतं. तू तुझ्या नजरेने बघ आणि मला लिहून दे." माझ्या नजरेवर त्यांचा फार विश्वास. घराचा ताबा घेण्याआधी त्यातले दोष शोधणं हेच माझं काम आहे, म्हणून असेल.

मला ते शहर आवडलं नाही. स्टेशनपासून मध्यभागापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमानींचे छत असलेले पदपथ आहेत, पोर्टिको म्हणतात. अशा पोर्टिकोंची एकूण लांबी साठ किलोमीटरच्या वर आहे म्हणे. त्यांतून मी पहिल्या सकाळी चालत गेले आणि पहिल्या दोनशे मीटरांत तीन ठिकाणी मुताचा वास आला. ताजा नव्हे, मुरलेला. खांबांच्या तळाशी विटा खारावून भुगा होत आहेत आणि त्या भुग्यात सिगारेटची थोटकं रुतलेली. तुझं विद्यापीठ ज्या रस्त्यावर आहे तिथल्या भिंती माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत स्प्रेने रंगवलेल्या. जवळच्या चौकात आदल्या दिवशीची बीअर सांडून फरशी चिकट झाली होती. पाऊल उचललं की बूट सुटताना आवाज यायचा. त्यावर कबुतरं. मी हॉटेलवर जाऊन बुटांचे तळ साबणाने धुतले.

शहराच्या मधोमध दोन जुने मनोरे आहेत. त्यातला बुटका अठ्ठेचाळीस मीटर उंच आणि सुमारे चार अंश कललेला. आता तो कोसळेल या भीतीने भोवती कंटेनर आणि जाळ्या लावल्या आहेत आणि लोक त्या जाळ्यांना टेकून आइस्क्रीम खातात. खाण्याचं तर विचारूच नकोस. दुकानाच्या काचेआड माणसाच्या मांडीएवढे डुकराच्या मांसाचे गुलाबी लोड टांगलेले, त्यावर पांढऱ्या चरबीचे ठिपके, आणि तो वास गल्लीभर. जुन्या विद्यापीठात प्रेतं चिरून शिकवायची एक लाकडी खोली जपून ठेवली आहे. शिक्षकाच्या खुर्चीवरचं छत कातडी सोललेल्या दोन माणसांच्या पुतळ्यांनी तोललं आहे. स्नायू एकेक कोरलेला. माझ्या पुढचं जोडपं त्यांच्यासारखी पोज देऊन फोटो काढत होतं.

तू लिंक पाठवलेली खोलीही पाहिली. घरमालकीण जिना चढताना म्हणत होती, "चार मुली, चारही एकदम स्वच्छ." बाथरूम एकच होतं. छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी, अंदाजे ऐंशी बाय चाळीस सेंटिमीटर, आणि पाणी जायच्या जाळीत चार रंगांचे केस. मी बोटाने दाखवलं तर बाई हसली आणि म्हणाली, "मुली आहेत, केस असणारच."

शेवटच्या दिवशी विद्यापीठाच्या दारात एका मुलीचा पदवीचा सोहळा चालला होता. डोक्यावर पानांचा मुकुट, आणि मैत्रिणी तिच्यावर अंडी फोडत होत्या, वर पीठ टाकत होत्या. ती लगदा झालेली, कुठलासा चावट मजकूर मोठ्याने वाचत होती आणि सगळे ओरडत होते. पिवळा बलक पोर्टिकोच्या दगडावरून नालीकडे चालला होता. मी बूट मागे घेतले.

हे सगळं मी अब्बांना लिहून दिलं. कंपनीचाच फॉर्म वापरला. तुला माहीत नसेल, आमच्या रिपोर्टमध्ये फक्त दोष, आमच्या भाषेत स्नॅग, लिहायचे असतात. फरशी कुठे पोकळ वाजते, खिडकीचं सिलिकॉन कुठे तुटलं आहे, दार कुठे घासतं. ठीक असलेल्या गोष्टीला ओळ नसते. मी एक्केचाळीस नोंदी केल्या, सहा गंभीर, पंधरा मोठ्या, वीस किरकोळ. गंभीर लाल रंगात. एकही नोंद खोटी नाही. मोजमापांसह आहेत, आजही कोणी तपासावं.

आठ दिवसांनी अब्बांनी तुला नाही म्हणून कळवलं. कारण दिलं नाही. तुला वाटलं फुफीने कान भरले, तिला तुझं लग्न तिच्या हनीफशी लावायचं आहे म्हणून. तसं तू मला रडत सांगितलंस आणि मी ऐकून घेतलं. फुफीचा यात काहीही संबंध नाही. तिला तर बोलोन्या हे गाव आहे की आजार, हेही माहीत नाही.

गेल्या सोमवारी अँड्र्यूला माझ्या लॅपटॉपवर कुठलासा जुना रिपोर्ट हवा होता. त्याला ही फाईल सापडली. खुर्ची फिरवून तो सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा ओरडला, "अरे नबिला, फॉर्टी वन? एवढंच? परवा त्या नव्या टॉवरमधल्या एका स्टुडिओ फ्लॅटमध्ये आपण एकशे ऐंशी काढले, आणि ती फॅमिली रविवारी राहायला गेली. आठशे वर्षांचं शहर आणि एक्केचाळीस स्नॅग? हबीबी, खलास, चावी घे आणि शिफ्ट हो!" सगळे हसले. मी उठून हात धुऊन आले. दोनदा.

तो बरोबर बोलत होता. आमच्या धंद्यात प्रत्येक घराची यादी निघते. यादी नसेल तर घर चांगलं आहे असं नव्हे, ते कोणी तपासलंच नाही असा अर्थ होतो. यादी घेऊन माणसं तिथे राहायला जातात, नाक मुरडत दुरुस्त्या करून घेतात आणि दोन वर्षांनी मला लग्नाची आमंत्रणं पाठवतात. मी तपासलेलं एकही घर मी "घेऊ नका" म्हणून लिहिलेलं नाही. तशी ओळच फॉर्ममध्ये नाही.

पण अब्बांच्या धंद्यात आहे. ते एकतीस वर्षं इथे दुबईच्या खाडीवरच्या लाकडी जहाजांचा माल उतरवून घेताहेत. तिथे माल उतरला की नुकसानीची यादी बनते. किती पोती भिजली, किती खोकी फुटली. लाल शेरे जास्त झाले की अब्बा खाली एक शब्द लिहितात आणि माल आला त्याच जहाजाने परत जातो. लहानपणी सुट्टीत आपण दोघी त्यांच्या टेबलाखाली बसून त्या याद्यांच्या मागच्या बाजूला चित्रं काढायचो. तेव्हा माझा रिपोर्ट अब्बा कसा वाचतील, हे मला माहीत होतं. लाल रंग भरताना माहीत होतं. चूक त्यांची झाली. ती होईल अशी सोय मी केली.

यादीत जे आलं नाही तेही सांगते. ते पोर्टिको मुळात अतिक्रमण आहे. त्या काळी लांबून शिकायला आलेली मुलं एवढी झाली की लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे वाढवून त्यांच्यासाठी खोल्या काढल्या. वाढवलेला भाग पडू नये म्हणून खाली खांब दिले. नगरपालिकेने ते पाडलं नाही, उलट पुढे प्रत्येक घराला पोर्टिको सक्तीचा केला आणि घोड्यावरचा माणूस खालून जाईल एवढी उंची ठेवायला लावली. जमीन घरमालकाची, चालायचा हक्क सगळ्यांचा. आठशे वर्षांमागचे ओकचे खांब अजून उभे असलेलं एक घर आहे. मी त्याच्या खाली पाऊण तास उभी होते. कुठेही वाकलेलं नाही. आणि ती अंड्यांनी माखलेली मुलगी आहे ना, तिचे वडील सुटाबुटात तिथेच उभे होते. त्यांनी तिचा चष्मा काढला, आपल्या टायने पुसला आणि परत तिच्या नाकावर ठेवला. हेही मी नोंदवलं नाही. या गोष्टीला ओळ नव्हती.

आता कारण. अम्मी गेल्यावर ठरलं होतं की तुझी पदवी झाली की तू इकडे यायचंस आणि मी अबू धाबीच्या ऑफिसात बदली घ्यायची. बोलोन्या आल्यावर ते मोडलं. पण बदली हे सांगण्यापुरतं कारण आहे. खरं कारण अब्बांचा पाय. शुगरमुळे तळव्याला झालेली जखम सहा महिने भरत नाही. रोज संध्याकाळी पट्टी सोडायची, धुवायचं, मृत कातडी पुसून काढायची. मला किळस येते, अजरा. आपल्या बापाच्या पायाची. बोलोन्यात मला आलेली सगळी किळस खरी होती, पण ती मी इथूनच सोबत नेली होती, आणि तिथे ती लिहायला मोकळी जागा मिळाली. मला ते काम तुझ्या हातात द्यायचं होतं.

काल जुम्म्याची नमाज पढून अब्बा आले, तेव्हा मी त्यांना यादीचं सांगितलं. पायाचंही सांगितलं. ते ताटातला भात कालवत राहिले. मग म्हणाले, "मला माहीत आहे. पट्टी सोडताना तू श्वास रोखून धरतेस. मी मनात आकडे मोजतो. परवा साठपर्यंत गेलो, म्हटलं पोरगी पडते आता." मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. ते म्हणाले, "मी काय भिजलेलं पोतं आहे का गो, की कोणी उतरवून घ्यायचं यावर तुम्ही दोघींनी डोकी फोडावीत? क्लिनिकात केरळची नर्स आहे, ती पाय धुताना गाणी म्हणते. भिकार म्हणते, पण म्हणते. सोमवारपासून तिच्याकडे जातो. यल्ला, तो कागद आण." त्यांनी तुझ्या प्रवेशाच्या, पालकांच्या संमतीपत्रावर सही केली. मग एक्केचाळीस नोंदींची प्रिंट मागितली आणि प्रत्येक नोंदीपुढे मला विचारत गेले, यावर उपाय काय. बुरशीला काय लावायचं. डुकराशिवाय काय मिळतं. तास लागला. दोन नोंदींना उपाय सापडला नाही, त्यात एक तो मनोरा आहे. "तो इटलीवाल्यांना बघू दे," म्हणाले.

सही केलेला कागद सोबत आहे. विद्यापीठाला होकार कळवायची मुदत तीस तारखेपर्यंत आहे, पाकीट हातात येईल तेव्हा तुझ्याकडे किमान दहा दिवस असतील. मला माफ कर असं मी लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे आणि त्याला घाई नाही. हे पत्र एवढ्याचसाठी की तू सात आठवडे अब्बांशी बोललेली नाहीस. ते रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत तुला फोन लावतात, पूर्ण वाजेपर्यंत कानाला धरतात आणि मग मला सांगतात, "क्लासमध्ये असेल." तो क्लास नाही हे माहीत असूनही मी सात आठवडे ते ऐकून घेतलं. जो नकार तुला त्यांचा वाटला तो माझा होता. फोन त्यांचा उचल. माझा उचलायचा की नाही, ते सावकाश ठरव.

तरीही तुझीच,
नबिला आपा