मानेचा होकार ग्राह्य धरू नये

प्रति,
मा. पालकत्व व पुनर्वसन अधिकारी,
पहिला मजला (लिफ्ट बहुधा बंद).

विषय : मान हलली म्हणून माझ्या नावे नोंदवलेले दोन्ही होकार रद्द करून मला समक्ष विचारण्याबाबत.
संदर्भ : मला निवासी संस्थेत हलवण्याचा आपला आदेश, अंमल येत्या सोमवारी सकाळी.

महोदय,

१. मला ऐकू येते, वाचता येते, समजते. बोलता येत नाही. मान जन्मापासून माझ्या ताब्यात नाही, ती दिवसभर हलते. पंख्याला, भिंतीला आणि वहिनीच्या मालिकेतल्या खलनायकालासुद्धा ती सारखाच होकार देते. माझा खरा होकार म्हणजे डोळे वर करणे आणि नकार म्हणजे ते घट्ट मिटणे. बाकीचे मी अक्षरफलकावर एकेका अक्षराकडे बघून सांगते. हा अर्जही तसाच सांगितला असून तो आमच्या वर्गाच्या ताईंनी उतरवला आहे. त्यांनी एकदोन ठिकाणी सौम्य शब्द सुचवले, ते मी नाकारले. स्वतःसाठी बोलायला शिकवणाऱ्या त्या वर्गाचा पहिला धडाच नाकारण्याचा होता. सरावासाठी ताई चहा पुढे करत आणि आम्ही नको म्हणत असू. चहा हवा असतानाही मी तो धडा पुरा केला, यावरून माझी तळमळ ध्यानात यावी.

२. सुनावणीत आपण दादाला विचारलेत, "हिला कळतं का?" दादा म्हणाला, "कळतं हो सगळं. माझ्याच अंगाखांद्यावर वाढलीय." मग आपण माझ्याकडे वळलात : "काय गं, जाशील ना तिकडे? छान बाग आहे." मी डोळे घट्ट मिटले. लेखनिक म्हणाले, "लाजली बघा! मान हलवली, हो म्हणाली, साहेब." शिक्का बसला. फलक माझ्याच खुर्चीमागच्या पिशवीत होता.

३. यावर मी लेखी हरकत दिली. ती द्यायला मला दादानेच नेले, कारण खुर्ची ढकलणारा तोच. यातली गंमत आपल्याला कळेल. अर्जदारासोबत एकच माणूस आत, या नियमाने ताई आणि त्यांच्या हातातला फलक दाराबाहेर राहिला. लेखनिकांनी विचारले, "कशाला भावाच्या विरोधात जाता? हरकत मागे घ्यायची ना?" मानेने आपले काम केले आणि हरकत मागे घेतल्याची नोंद झाली. येणेप्रमाणे मी घर सोडायला तयार झाले आणि तक्रारही सोडली. असा गुणी अर्जदार आपल्या कार्यालयाला क्वचितच लाभला असेल.

४. दादा वाईट नाही. त्याची कंबर धरली आहे आणि मला उचलणे आता त्याला झेपत नाही. पण तो माझी वाक्ये पुरी करतो. प्रेमानेच करतो, तरी शेवट नेमका त्याच्या सोयीचा निघतो. सकाळ-संध्याकाळ मला उठवा-बसवायला एक मदतनीस बाई यायला तयार आहेत. वर्गाने त्यांच्याशी बोलून ठेवले आहे. दादाला विश्रांती मिळावी हे मलाही मान्य आहे. त्यासाठी मी घरातून नाहीशी होण्याची गरज नाही.

५. काल दादाने माझी बॅग भरली. दोन स्वेटर घेतले, औषधे घेतली. फलक बाहेर काढून कपाटावर ठेवला. म्हणाला, "तिथली माणसं सवयीची आहेत गं, न सांगता समजून घेतात." महोदय, न सांगता समजून घेणाऱ्यांनीच मला इथवर आणले आहे. सोमवारी गाडीत बसले, की पुढे मला जे जे विचारले जाईल त्याला माझ्या वतीने ही मानच उत्तर देईल. मला झोप लागत नाही.

६. म्हणून मागणी अशी : सोमवारपूर्वी मला बोलवावे. ताईंना फलकासह आत घ्यावे. प्रश्न मला विचारावा, जायचे का आणि राहायचे का असा दोन्ही बाजूंनी विचारावा, आणि उत्तर पुरे होईपर्यंत कोणी मध्ये बोलू नये, दादाने तर नाहीच.

७. एवढे करूनही मानच ग्राह्य धरायची असेल, तर आधी मला एवढेच विचारा, "साहेबांच्या खुर्चीवर उद्यापासून तुम्ही बसणार का?" मान हलेल. तो होकार धरून आपण खुर्ची सोडलीत, तर मी मुकाट्याने घर सोडीन.

उत्तराच्या प्रतीक्षेत, नम्र पण नाकबूल,
अर्जदार (डाव्या हाताचा अंगठा)
शुक्रवार, कार्यालय उघडताना

सोबत : अक्षरफलकाची प्रत, आपल्या टेबलासाठी. मूळ फलक ताईंनी कपाटावरून काढून माझ्या मांडीवर ठेवला आहे. ठेवू का, असे त्यांनी विचारले होते. मी डोळे वर केले.