बघू म्हणजे काय

लातूर, मंगळवार, १० ऑगस्ट २०१०

आज सकाळी नऊच्या सुमारास मी चांदपेठची गाडी सोडली. चांदपेठ नावाचं गावच नाही! ते कादंबरीतलं. स्टँडवरच्या केबिनमध्ये दोन घोषणांच्या मध्ये चार ओळी वाचत होतो. नायगाव म्हणायचं ते माईकवर भलतंच गेलं — 'चांदपेठकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे.' कुणी हसलं नाही. उलट एक म्हातारबा खिडकीशी आले. 'साहेब, ही चांदपेठ अहमदपूरवरून जाती का?'

माफी मागितली त्यांची. पण खरं सांगायचं तर मी चार दिवस त्याच गावात आहे.

आमच्या गल्लीत घरोघर भाडेकरू. क्लासची पोरं आणि त्यांच्या आया. बाप मागं गावाकडे. आमच्याकडे आईच नाही, म्हणून मनूची अकरावी सुरू झाली तेव्हा मी निलंगा डेपोतून इथं बदली मागून घेतली. नांदेडच्या चंद्रप्रभाताईंनी बायकांचं वाचनमंडळ काढलंय. पोरं क्लासला गेली की तीन वाजता त्यांच्या खोलीत बसायचं, एकीनं मोठ्यानं वाचायचं. मला कोण बोलावणार! पण या वेळची कादंबरी एका सायकल दुरुस्तीवाल्याची. बायको वारलेली, पदरात मुलगी, आणि गावात बदलून आलेली शिक्षिका. ताईंनी दार वाजवलं — 'मनूचे पप्पा, तुम्ही यायचंच. तुम्ही या विषयातले तज्ज्ञ!'

शुक्रवार, १३ ऑगस्ट

ताई म्हणाल्या, अशा माणसाला आता 'एकल पालक' म्हणतात. साखराबाई नातवासाठी नायगावहून आल्यात, वाचता येत नाही, पण ऐकतात मात्र कान देऊन. त्या म्हणाल्या, 'बिजवर म्हना की सरळ.'

'अहो, त्यानं अजून दुसरं लग्न कुठं केलंय?'

'करंल की! त्याबिगर एवढं जाड पुस्तक कशापायी?'

एकल पालक. सतरा वर्षं जे आहे त्याला नाव असतं, हे मला आज कळलं. दोनदा म्हणून बघितलं. एकल.

ताईंनी मला विचारलं, पुस्तकातल्या बापाला पोरीच्या वेण्या घालता येतात, हे खरं वाटतं का? म्हणालो, येतात. पण भांग वाकडा पडतो. समोरच्या खोलीतल्या बिलकीस भाभी इतक्या हसल्या की चहा सांडला.

गुरुवार, १९ ऑगस्ट

आज मोठं भांडण. पुस्तकात शिक्षिका त्याला एका पावसाळी संध्याकाळी आडून आडून विचारते. तो चाकाची तार आवळत नुसतं म्हणतो — 'बघू.' प्रकरण संपलं.

मी म्हणालो, बिचारीला नाही म्हणाला.

तिघी एकदम माझ्यावर!

'नाही कसं? हाव म्हणाला तो! सरळ हाव!' बिलकीस भाभी. 'आमच्या जलीलमियाँनी पण हेच म्हटलेलं. आज आमचा मुज्तबा बारावीला हाय.'

ताई म्हणाल्या, 'नाही म्हणायचं असतं तर नाही म्हणाला असता. बघू म्हणजे थांब.'

'बघू म्हंजी घोडं खुट्याला बांधून ठेवनं,' साखराबाई म्हणाल्या. 'बसायचं बी न्हाई, इकायचं बी न्हाई. गडीमानसाचं लई सोपं असतंय.'

मी कपबशा गोळा करायला लागलो. त्या तिघी पुस्तकाबद्दल बोलत होत्या.

शुक्रवार, २० ऑगस्ट

लिंगपूजेला बसलो, मन लागेना. भस्म लावायचं विसरून ड्युटीवर गेलो.

लिहूनच काढतो. त्र्याण्णवचा भूकंप झाला त्या पहाटे मी निलंगा डेपोत होतो. गावात भिंत महानंदावर पडली. मनू दाराशी पाळण्यात होती, ती राहिली. आठ महिन्यांची. महिन्याभरानं पत्र्याच्या शेडमध्ये सासूबाईंनी — गुरम्मा मामींनी — मला समोर बसवलं. 'जावईबापू, पार्वतीला करून घ्या. मावशीसारखी माय मिळायची न्हाई लेकराला.' पार्वती महानंदाच्या पाठची, एकोणीस वर्षांची. तिथंच चुलीशी होती.

मी म्हणालो, 'बघू, मामी.'

माझ्या मनात 'नाही' होतं. पण जिची एक लेक महिन्यापूर्वी मातीत गेली, तिच्या तोंडावर दुसरीला नाही कसं म्हणायचं? मला वाटलं, समजल्या. परत कधी विषय निघाला नाही.

पार्वतीचं लग्न झालं नाही. निलंग्यात अंगणवाडी चालवते. दर दिवाळीला मी तिच्या हातचं जेवून आलो. का केलं नाही लग्न, हे एकदाही विचारलं नाही. हे आज लक्षात येतंय!

रविवार, २२ ऑगस्ट

मनूला सहज म्हणून विचारलं, मावशीनं लग्न का केलं नसेल गं?

रसायनशास्त्राच्या वहीतून मान वर न करता म्हणाली, 'आजी सगळ्यांना सांगते, पार्वतीचं ठरल्यात जमा आहे. तुमच्याशी. तुम्हाला माहीत नाही?'

'तुला काय वाटतं?'

'पप्पा, उद्या टेस्ट आहे.'

सोमवार, २३ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. उपास. देवापुढे एकच प्रश्न — ती थांबली का? माझ्यासाठी?

मंगळवार, ३१ ऑगस्ट

आज निलंग्याच्या अकरा गाड्या सोडल्या. एकीतही बसलो नाही.

गुरुवार, ९ सप्टेंबर

कादंबरी संपली. तो गजरा घेऊन जातो, विचारतो, ती हो म्हणते. बिलकीस भाभींनी डोळे पुसले. ताई म्हणाल्या, शेवट गोड आहे, पण घाईत उरकलाय. साखराबाई मात्र रागात — 'तीनशे पानं त्या बाईला ताटकळत ठिवलं, आन् शेवटच्या पानावर गजरा! बाई हाय म्हनून घेतला. मी असते तर सायकलच्या पंपानं हानला असता.'

सगळ्या हसल्या. मी विचारलं, 'आणि तो गेलाच नसता तर?'

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, 'मग तिनं काय करायचं ठरवलं असतं, हे आपल्याला कधी कळलंच नसतं.'

ठरलं. जायचं. थांबली असेल तर हो म्हणायचं. महानंदाच्या फोटोपुढेही हेच बोललो. दाढी करताना आरशात बघितलं — मिशी पांढरी झालीय. या वयात काळी करावी का, असंही मनात आलं. शिवशिव!

रविवार, १९ सप्टेंबर

निलंग्याला गेलो. पार्वती ओट्यावर अंगणवाडीचे तक्ते चिकटवत होती. विचारलं.

आधी तिनं डोळे मोठे केले. मग तोंडाला पदर लावून हसत सुटली. 'दाजी, मला लग्नच करायचं नव्हतं! आईनं स्थळ आणलं की मी म्हणायचे, दाजींचा शब्द हाय. तुमच्या आडोशाला सतरा वर्षं सुखात गेली बघा माझी.'

हायसं वाटलं. आणि — इथं लिहायला हरकत नाही — थोडं लागलंही.

'पण आता सांगून टाका,' ती म्हणाली. 'मी सांगितलं तर आई रडंल. तुमच्यावर नुसती रागवंल.'

आत गेलो. मामींसमोर बसलो. नाही म्हणालो.