स्प्रिंगचं वाकडं टोक

प्रिय ताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (नुसता नमस्कारही चालला असता, पण परवापासून कंबर धरली आहे आणि सध्या सगळं आडवं पडूनच चाललं आहे, तेव्हा साष्टांगच सोयीचा पडतो.) वि. वि. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, त्यावर फार विसंबू नकोस. आईची तब्येत उत्तम. इतकी उत्तम की तिनं दोन दिवस अंथरुणात काढले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती, पण ते पुढे येईलच. अण्णांचा डोळा कसा आहे? पट्टी कधी निघणार? थेंब वेळच्या वेळी घालतेस ना? भाऊजींना नमस्कार सांग. अण्णा एका डोळ्यानंही त्यांना बुद्धिबळात हरवत असतील, त्याबद्दल माझी सहानुभूती कळव.

फोनच करणार होतो. पण तुमच्याकडे घंटा वाजली की अण्णाच उचलतात, आणि त्यांनी नुसतं "काय म्हणतोस?" विचारलं तरी मी सगळं ओकून मोकळा होईन. म्हणून पत्र. शेजारचे शिंपीकाका आज दुपारच्या बसनं तुमच्या गावाला येताहेत. ते हे तुझ्या हातात देतील, फक्त तुझ्याच हातात, असं मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं आहे.

गोष्ट गाडीची आहे. (घाबरू नकोस, ठोकलेली नाही. ठोकली असती तर निदान समोरच्याची चूक होती असं तरी म्हणता आलं असतं.) डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तुमच्याकडे निघताना अण्णांनी किल्ली माझ्या हातात ठेवली, आयुष्यात पहिल्यांदा. सूचना तीन. रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवायचं, बॅटरी उतरता कामा नये. विसाव्या दिवशी, म्हणजे येत्या रविवारी, त्यांना न्यायला तीच गाडी घेऊन यायचं. आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही. डॉक्टरांनी यापुढे चालवू नका म्हटल्यापासून ती गाडी मला द्यायची की त्यांच्या त्या मुख्याध्यापक मित्राला, हे ते घरी आल्यावर ठरवणार आहेत. (मुख्याध्यापक बारा वर्षं वाट बघताहेत. हल्ली रोज संध्याकाळी फिरताना आमच्या फाटकापाशी थांबून गाडीकडे असं बघतात की मला दार लावून घ्यावंसं वाटतं.) माझ्याबद्दल अण्णांचं मत तुला माहीतच आहे, हा उघडतो छान, लावत नाही. गजराचं घड्याळ, इस्त्री, तुझा टेपरेकॉर्डर, पुरावे भरपूर आहेत. म्हणजे हे वीस दिवस माझी परीक्षाच होती. ताई, मी बाराव्या दिवशी हीटर उघडला.

का उघडला ते आधी ऐक आणि मगच ओरड. गरम हवेनं माणूस सुस्तावतो आणि सुस्तावलेला माणूस घाटातून दरीत जातो, हा अण्णांचा सिद्धांत ऐकत आपण मोठे झालो. त्यामुळे हीटर असलेल्या गाडीत आपण चौघंही दात वाजवत प्रवास करायचो, आई गुडघ्यांवर घोंगडी घेऊन आणि अण्णा ताठ बसून, जणू थंडी ही अशक्त लोकांची सवय आहे. गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. गिअर बदलताना त्यांचा हात थरथरत होता. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, गिअर जड झालाय. ताई, गिअर जड झालेला नाही. मी परवाच टाकून बघितला, लोण्यासारखा पडतो. मला तेव्हापासून फार वाईट वाटतं आहे. आणि आता रविवारी पाच तासांचा रस्ता, मध्ये तो घाट, डोळ्याला पट्टी, त्यातून डॉक्टरांनी गारठ्यापासून जपायला सांगितलेलं. मी म्हटलं, एवढा हीटर आपण सुरू करून देऊ.

गॅरेजवाल्याकडे आधी गेलो होतो. त्यानं बोनेट न उघडता, गाडीभोवती एक चक्कर मारून सांगितलं की काढून देतो, लावायची जबाबदारी माझी नाही. हे वाक्य मी घरी बसून फुकट ऐकलेलं असल्यामुळे परत आलो आणि स्वतःच पाना हातात घेतला.

हा हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या खाली, पुढच्या भिंतीला टांगलेला एक पत्र्याचा डबा. आत गरम पाण्याची जाळी, तिच्यामागे पंखा, आणि गरम हवा आत सोडायची की बाहेर हे ठरवणारी एक झडप. झडपेला एक स्प्रिंग. एवढंच. पण तिथवर पोचायचं तर चालकाच्या सीटवर उलटं झोपावं लागतं, पाय सीटच्या पाठीवरून वर आणि डोकं खाली क्लचच्या पेडलाशी. (समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना त्यांच्या खिडकीतून तीन दिवस माझे फक्त मोजे दिसत होते. काल त्यांनी आईकडे माझी चौकशी केली.) पहिली रबरी नळी काढली तेव्हा आतलं सगळं हिरवं पाणी माझ्या सदऱ्यात उतरलं. त्या नळ्या आधी रिकाम्या करायच्या असतात हे मला तेव्हा कळलं. तरी या वेळी मी पद्धतशीर होतो, तुझी शपथ. निघालेला प्रत्येक स्क्रू निघाल्या क्रमानं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर मांडला, शेजारी खडूनं नंबर घातला, एकूण सत्तेचाळीस. आणि प्रत्येक भागाचं चित्र काढलं, तिथंच, जागच्या जागी. चौथ्या दिवशी डबा मोकळा होऊन मांडीवर आला तेव्हा मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी आंघोळीला गेलो.

आंघोळ करून आलो तर टेबल लख्ख पुसलेलं. आईनं, जिनं सव्वीस वर्षं इस्पितळाच्या औषधभांडारात काढली आणि जिला कुठलीही गोष्ट पसरलेली बघवत नाही, सगळे स्क्रू साबणाच्या पाण्यानं धुऊन, पुसून, आकारानुसार औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवले होते. वर चिठ्ठ्या. लहान, मध्यम, मोठे, गंजलेले. पाचव्या बाटलीत फक्त ती स्प्रिंग होती आणि वर लिहिलं होतं, काय ते माहीत नाही. ती इतक्या प्रेमानं बाटल्या दाखवत होती की मी म्हटलं, वा, छान केलंस. मग स्वयंपाकघरात जाऊन दोन पेले पाणी प्यायलो.

स्क्रूंचं तरी एक वेळ जमलं. जो ज्या भोकात बसेल तो तिथला, असं धोरण ठेवलं. (एकेचाळीस बसले. डबा भिंतीला घट्ट आहे. घट्ट आहे असं आपण धरून चालू.) स्प्रिंगचं जमेना. तिचं एक टोक सरळ, एक वाकडं. माझ्या चित्रात स्वच्छ लिहिलं आहे, वाकडं टोक वर. आता ताई, चित्र काढताना माझं डोकं खाली होतं आणि पाय आकाशात. मग हे 'वर' कुणाचं? माझं की गाडीचं? मी कागद उलटा धरून बघितला, मग स्वतः उलटा होऊन बघितला, तेव्हाच कंबर गेली. शेवटी दोन्हीकडून लावून पाहिलं. एकीकडून लावली तर हीटर असा पेटतो की बटण कुठंही फिरवा, तोंडावर भट्टीसारखी गरम हवा, बंद म्हणून होत नाही. दुसरीकडून लावली की झडप खुळखुळते आणि बर्फासारखी हवा सरळ डोळ्यांवर येते, म्हणजे पट्टीवर. डबा चारदा काढून चारदा लावला. आज गुरुवार. मध्ये फक्त दोन दिवस राहिले आहेत. जेवण जात नाही, आणि फाटकापाशी मुख्याध्यापक दिसले की मी पुन्हा डॅशबोर्डखाली डोकं घालतो.

एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. डबा निघाल्यावर मी हवेच्या नळकांड्यात हात घातला, तर आत काहीतरी मऊ लागलं. वाटलं उंदीर. ओढून काढलं तर लोकरीची निळी बाही. ताई, तुझ्या शाळेच्या स्वेटरची. तो तू सातवीत हरवलास म्हणून घरात केवढं रामायण झालं होतं आठवतं ना, आणि अख्खी थंडी तू आईच्या जुन्या जाकिटात शाळेला गेलीस? तू हरवला नव्हतास. बाहीला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी होती, अक्षर अण्णांचं, वर तारीख. "तात्पुरती सोय." मनगटाकडे गाठ मारलेली आणि तिच्यात तीन स्क्रू, जास्तीचे! म्हणजे अण्णांनीही हा हीटर उघडला होता, स्प्रिंग चुकली होती, गरम हवा थांबेना म्हणून त्यांनी तुझी बाही कोंबली, आणि मग तो सुस्तावण्याचा सिद्धांत. आधी मी गाडीतच बसून एकटा हसत सुटलो. मग हसू गेलं. तीस वर्षं त्यांनी थंडी काढली, पण लावता आलं नाही हे कुणाला सांगितलं नाही. (ते तीन स्क्रूही आईनं धुऊन बाटल्यांत टाकले. आता एकूण उरले नऊ, त्यातले माझे कुठले आणि त्यांचे कुठले, देव जाणे.)

तर असं आहे. काळजी करू नकोस, ती मी दोघांच्या वाटची करतो आहे. मुलांना पापे. बाकी सर्व कळावे, अण्णांना मात्र कळू नये.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य काम राहिलंच. डोळ्याच्या डॉक्टरांना सांगून अण्णांचा मुक्काम आठवडाभर वाढवता येईल का? ते जमत नसेल तर जेवताना सहज विषय काढ, जुन्या गाड्यांत हीटरची स्प्रिंग कशी असते हो, असा. भाऊजींना विचारायला लाव, त्यांच्यावर संशय येणार नाही. बाहीबद्दल अवाक्षर नको.

ता. क. २. घात झाला. आई पाकीट घेऊन आली आणि म्हणाली की बरं केलंस पत्र लिहिलंस, पट्टी असल्यामुळे ताई हल्ली वर्तमानपत्रापासून लाइटच्या बिलापर्यंत सगळं अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवते, हेही दाखवेल. ताई, हे मोठ्यानं वाचू नकोस! ही सूचना पत्राच्या शेवटी आली आहे हे माझ्याही लक्षात आलं आहे. बाहीचं पान फाडलं असतं, पण पाठपोट लिहिलंय, मागे स्प्रिंगची सगळी हकिकत आहे. नवीन लिहायला वेळ नाही, शिंपीकाका पिशवी घेऊन दारात उभे आहेत आणि घड्याळ बघताहेत.

ता. क. ३. अण्णा, नमस्कार. ऐकत असालच. किल्ली मुख्याध्यापकांना दिलीत तरी मी काही म्हणणार नाही. फक्त वाकडं टोक वर की खाली, एवढं शिंपीकाकांबरोबर कळवा. तुम्हालाही माहीत नसेल तर रविवारी घोंगडी घेऊन येतो, आणि घरी पोचल्यावर दोघं मिळून बघू. मी खाली झोपतो, टॉर्च तुम्ही धरा. हात हलला तरी मी ओरडणार नाही.